उलट दाब

स्मरणिकेसाठी कंपनीचा इतिहास हवाय. दोन पानं,
फोटोची जागा सोडून.
एचआरची मुलगी म्हणाली, सर, स्थापना, विस्तार, निर्यात. एवढं पुरे.

स्थापना.
उद्यमनगर, सन चौऱ्याहत्तर, फौंड्रीच्या पाठीमागं पत्र्याखाली.
मगदूम मालकांच्या कपड्यांना मोल्डिंगच्या काळ्या वाळूचा वास.
म्हणाले, वाळूचंच काम करायचं की रं,
फकस्त धुतलेल्या.
सगळी फौंड्री हसली. मीही.
वेल्डिंग मशीनचा डायोड तेव्हा मुंबईहून यायचा,
आठ दिवसांनी, आणि त्यातले निम्मे मेलेले.
तर घरातच करू म्हणाले,
चहा करू म्हणावं तसं.

विस्तार.
गोकुळ शिरगावला शेड. एक जुनी जर्मन भट्टी,
तिच्या पुस्तकातलं एक अक्षर कुणाला कळेना.
क्वार्ट्झच्या नळीत सिलिकॉनच्या पन्नास चकत्या,
पोह्याच्या पापडाहून पातळ, दाटीनं उभ्या,
बाराशे अंशांत रात्रभर.
फॉस्फरस किती आत मुरला ते सकाळी कळायचं,
तोवर लाइट जाऊ नये म्हणून
मी खिशातल्या लिंबाला हात लावून बसलेला.
एकदा गेलीच. जनरेटरचं इंजिन जाम.
बाळकू वायरमननं अल्टरनेटर बैलगाडीत टाकला,
शेजारच्या गुऱ्हाळाच्या इंजिनाला पट्टा चढवला,
उसातून केबल ओढली.
चरक थांबवून गुऱ्हाळवाल्यानं विचारलं,
तुमचं काय शिजतंय म्हणायचं?
त्या बॅचला आम्ही शेवटपर्यंत गुळाचे डायोड म्हणायचो.
त्यातला एकही परत आला नाही.

(इथं प्लँटचा फोटो येईल.)

हुपरीच्या अठरा बायका.
पैंजणाला घुंगरू जोडून जोडून
चिमटा बोटातच उगवलेला.
तिळाएवढा चौकोन शिशाच्या दोन टिकल्यांमध्ये ठेवायचा,
श्वास सुटला की उडाला.
म्हणून आमच्या शेडमध्ये बोलणं जेवणाच्या सुट्टीत,
आणि तेव्हा मात्र कान बधिर व्हायचे.

टेस्टिंगला पद्मल शेंडुरे.
सरळ बाजूनं करंट काय, कुणातूनही जातो.
ती उलटा दाब द्यायची. चारशे. सहाशे. आठशे.
काटा थरथरला की हात मागं.
आठशे सोसलेल्यावर ती सहाशेच लिहायची.
मी ओरडलो, नुकसान करतीस कंपनीचं.
म्हणाली, साहेब, आज सोसलं म्हणून
रोज सोसंल असं का लिहायचं?
तिच्या घरचं मी कधी विचारलं नाही.
सहाशेच छापत गेलो.

निर्यात.
पहिली पेटी कोइमतूरला, पंपवाल्यांकडं.
आम्हाला तो परदेशच. मालकांनी नारळ फोडला.
खरी निर्यात पुढं झाली,
तोवर आयातीचा डायोड अकरा पैशांवर आलेला,
आमचा एकोणीस.

भट्टी मालकांनी स्वतः बंद केली.
पन्नास पन्नास अंश खाली, तीन दिवस, स्टुलावर बसून.
इतकी वर्षं तापलेलं क्वार्ट्झ गार होताना तडकतंच,
त्यांना माहीत होतं.
तिसऱ्या रात्री तडकलं.
मालक म्हणाले, हां. आणि चप्पल शोधायला लागले.

नळीचा उरलेला तुकडा रिसेप्शनला आहे,
त्यात प्लॅस्टिकची फुलं.
आता चिप तैवानहून येते, आपण पाय लावतो, डबा घालतो.
टेस्टिंगचं यंत्र तासाला चार हजार तपासतं,
सोसलं तेवढं लिहितं.
त्याचंही बरोबरच असणार.

फोटोचं मात्र जमणार नाही.
आत कॅमेरा न्यायची बंदी होती,
आणि तोंडाला मास्क, केसांना टोपी,
पद्मलचे मला डोळेच आठवतात.

दोन पानं झाली.
तिचं रजिस्टर माझ्या घरी आहे, फडक्यात बांधून,
स्टोअरच्या यादीत ते हरवलेलं दाखवलंय.
तसंच राहू द्या.